तालीम आणि प्रयोगशाळा : स्वामी कुवलयानंद

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, त्या आठवड्यातील गोष्ट. आंतरशालेय सामने महिन्यावर येऊन ठेपले होते आणि आमच्या टेबल टेनिसच्या संघाने सुट्टीभर बॅटीस हातही लावला नव्हता. गेलेल्या दिवसांची भरपाई एका दिवसात करावी अशा घाईने मी मुलामुलींना शनिवारी दुपारभर टेबलाशी उभे केले. वाकविलेल्या गुडघ्यांवर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी त्यांची धाव दिवेलागणीपर्यंत चालली होती. त्या संध्याकाळी सारे आनंदात घरी गेले. सोमवारी मात्र वरच्या मजल्यावरील वर्गातून उतरताना एकेक जण कठड्यास धरून, आडवे पाऊल टाकीत खाली येऊ लागला. मांड्या भरून आलेल्या, पोटऱ्या ताठलेल्या, उजवा हात खांद्याच्या वर जाईना. जिना चढताना इतके दुखत नाही, मग उतरतानाच का दुखते, असे एका मुलाने मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. उलट, अंगात आम्ल साचले आहे, चांगले ताण द्या म्हणजे ते निघून जाईल, असे ऐकीव ज्ञान मी ठोकून दिले. मुलांनी ताण दिले. दुखणे होते तेथेच राहिले. आठवीतील एका मुलीने तर आपले शरीरच खेळाच्या कामाचे नाही अशी समजूत करून घेतली आणि ती सरावास येईनाशी झाली.

ती चूक सर्वस्वी माझी होती. ती निस्तरण्यासाठी मी वाचू लागले आणि वाचता वाचता एका चरित्रापाशी थांबले. शरीराविषयी ऐकलेली कोणतीही गोष्ट, ती गुरुमुखातून आलेली असली तरी, मोजून पाहिल्यावाचून इतरांस सांगावयाची नाही, असा नेम ज्याने आयुष्यभर पाळला त्या पुरुषाचे ते चरित्र. हा पुरुष आपल्याला परकाही नाही. आपले बऱ्हाणपूर ही फारुकी राजांच्या काळातील खानदेशची राजधानी. आणि त्याच खानदेशात, भुसावळ-जळगावच्या वाटेने पश्चिमेस गेल्यावर लागणाऱ्या अमळनेर गावी, हा मनुष्य कित्येक वर्षे शिक्षक होता. त्याचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे सारा देश त्याला स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखू लागला.

जगन्नाथाचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते, आईचे नाव सरस्वती. घरची परिस्थिती इतकी बेताची की काही काळ लोकांच्या साहाय्यावर दिवस काढावे लागले. तशाही अवस्थेत मुलाने अभ्यास सोडला नाही. १९०३ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि संस्कृतातील प्रावीण्याबद्दलची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली. ही शिष्यवृत्ती त्या काळी बुद्धिमत्तेचा मोठा दाखला समजली जात असे, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल. त्या शिष्यवृत्तीच्या बळावर तो बडोद्याच्या महाविद्यालयात दाखल झाला. श्रीअरविंद घोष तेथे अध्यापक होते. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा त्या तरुण मनावर खोल ठसा उमटला. देशसेवा करावयाची आणि त्यासाठी आजन्म ब्रह्मचारी राहावयाचे, असा निश्चय त्याने तरुणपणीच केला.

परंतु बडोद्याने त्याला आणखी एक शाळा दिली, आणि माझ्या मते तीच त्याच्या आयुष्याला वळण लावणारी ठरली. ती शाळा म्हणजे प्रोफेसर माणिकराव यांची जुम्मादादा व्यायामशाळा. प्रोफेसर ही पदवी माणिकरावांस कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती. शरीरविद्येतील मोठ्या उस्तादास लोक त्या काळी आदराने तसे म्हणत. आपल्या गुरूचे, उस्ताद जुम्मादादांचे, नाव त्यांनी आखाड्यास दिले होते. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेजीम हे सारे तेथे चाले. कवायतीच्या आज्ञा इंग्रजीऐवजी आपल्या भाषेतून देण्याचा प्रघात पाडण्यात त्यांचा वाटा मोठा होता. या साऱ्याहून त्यांचा लौकिक होता तो हाताच्या गुणाचा. निखळलेला सांधा बसविणे, मुरगळलेला घोटा पाहणे, चोळून व बांधून दुखरा अवयव पूर्ववत करणे या विद्येत त्यांचा हातखंडा होता आणि लांबलांबून माणसे त्यांच्याकडे उपचारास येत.

१९०७ ते १९१० ही तीन वर्षे जगन्नाथ गुणे यांनी माणिकरावांपाशी शिक्षण घेतले. तालमीतील शिक्षणाचे स्वरूप ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. नव्या पोरास उस्ताद पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढू देत नाही. मोजक्या बैठका, मोजके जोर. उद्या त्यात चार-दोनची भर. परवा आणखी थोडी. जो पोर उत्साहाच्या भरात आकडा मोडतो त्याला दुसऱ्या दिवशी उकिडवे बसता येत नाही आणि सारी तालीम त्याला हसते. मेहनत झाली की अंग चोळावयाचे, थोडे फिरावयाचे, मग स्नान. हे सारे नियम कोठेही लिहिलेले नसतात. ते हातातून हातात आलेले असतात. त्यांपैकी कोणता नियम खरोखर उपयोगाचा आणि कोणता केवळ सवयीचा, हे उस्तादाला सांगता येत नाही. त्याला तसे सांगण्याची गरजही वाटत नाही. ही गरज त्याच्या एका पदवीधर शिष्याला वाटू लागली.

१९१० साली पदवी घेतल्यावर गुणे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यासाठी अमळनेरास आले. १९१६ पासून ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. राष्ट्रीय शिक्षण हा शब्द त्या दिवसांत सरकारला खुपत असे. ज्या संस्थेत स्वदेशप्रेमाचे वारे वाहते तिच्यावर वरिष्ठांची वक्रदृष्टी ठरलेली. १९२० साली ते महाविद्यालय सरकारने बंद पाडले. तरीही गुण्यांनी अमळनेर लगेच सोडले नाही. १९२३ पर्यंत ते विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती शिकवीत राहिले. अमळनेर म्हटले की आपणांस साने गुरुजी आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु गुरुजी तेथे शिक्षक म्हणून येण्यापूर्वी या दुसऱ्या एका ब्रह्मचारी शिक्षकाने त्या गावी तरुणांची मने आणि शरीरे घडविण्यात आपली उमेदीची वर्षे घालविली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

खेड्यापाड्यांतून आलेली मुले शिकविताना त्यांना एक गोष्ट सतत जाणवत होती. मुलांची शरीरे दुबळी होती आणि मने अंधश्रद्धेने भरलेली होती. साधू, बैरागी, मंत्र, गंडा यांवर विश्वास ठेवणारा समाज योगविद्येलाही चमत्कार समजत होता. आणि इंग्रजी शिकलेला समाज तिला थोतांड समजत होता. दोघांनाही ती तपासून पाहावी असे वाटत नव्हते.

अशा मनःस्थितीत १९१९ साली त्यांची गाठ परमहंस माधवदास महाराजांशी पडली. नर्मदेच्या काठी माळसर येथे राहणारे हे बंगाली योगी त्या वेळी अतिशय वृद्ध झाले होते. गुण्यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले व आसने, प्राणायाम, उड्डियान, नौली यांचा अभ्यास केला. (याच गुरूंचे दुसरे शिष्य योगेंद्र यांनी मुंबईकडे योगसंस्था काढली, हे चौकस वाचकांनी लक्षात ठेवावे.) आता गुरूच्या चरणी बसून विद्या घेणारे शिष्य आपल्या देशात पुष्कळ झाले. गुरूने शिकविलेली क्रिया घेऊन थेट रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात जाणारा शिष्य विरळा. गुणे गेले.

१९२० आणि १९२१ या वर्षांत बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. नौली करताना पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे येतात आणि आतड्यात पाणी वर ओढले जाते, ही गोष्ट योग्यांना पूर्वापार माहीत होती. ते का घडते याविषयी जुन्या ग्रंथांतील स्पष्टीकरण वायूंच्या भाषेत होते. गुण्यांनी क्ष-किरणांनी पोटाच्या आतील हालचाल पाहिली आणि दाब मोजण्याचे यंत्र लावून आतील दाब मोजला. त्या क्षणी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, असे यंत्राने दाखविले. पाणी वर चढत होते ते पोकळीमुळे! त्यांनी त्या पोकळीला आपल्या गुरूचे नाव दिले. गुरुभक्तीची ही रीत मला फार आवडते.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगते. हा मनुष्य वैद्य नव्हता, शास्त्रशाखेचा पदवीधरही नव्हता. संस्कृताचा विद्यार्थी, कलाशाखेचा पदवीधर, व्यवसायाने शिक्षक. यंत्रे कशी लावावयाची हे तो डॉक्टरांकडून शिकला. आम्ही कलाशाखेचे लोक विज्ञानाचा विषय निघाला की ते आपले क्षेत्र नव्हे म्हणून मोकळे होतो. त्या सबबीला त्याच्या चरित्रात जागा नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. आता ते स्वामी कुवलयानंद होते. परंतु या स्वामींच्या आश्रमात धुनीपेक्षा प्रयोगशाळा अधिक महत्त्वाची होती. सर्वांगासन व मत्स्यासन करताना रक्तदाबाचे काय होते, प्राणायामात शरीर किती प्राणवायू घेते, यांची मोजदाद तेथे चाले व निष्कर्ष योगमीमांसेत छापले जात. प्राणायामाचे मोल अधिक प्राणवायू मिळण्यात आहे, अशी समजूत तेव्हा होती व आजही पुष्कळांची आहे. स्वामीजींना मोजणीत तसे आढळले नाही, म्हणून त्यांनी तसे सांगितले नाही. प्राणायामाची महती त्यांनी अन्यत्र शोधली. महात्मा गांधींच्या रक्तदाबाचा विकार वाढला तेव्हा, १९२७ साली, आसनांविषयी स्वामीजींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. एवढा थोर माणूस सल्ला मागतो तेव्हा कोणाचीही जीभ सैल सुटावी. स्वामीजींनी मात्र आपले उपचार शरीराच्या प्रतिसादाकडे पाहून हळूहळू पुढे न्यावयाचे, ही शिस्त कायम ठेवली.

त्यांचे सारेच निष्कर्ष आज टिकले आहेत असे मात्र नव्हे. सर्वांगासनाने कंठातील थायरॉइड ग्रंथीला रक्तपुरवठा वाढून तिचे आरोग्य सुधारते, असे जे अनुमान त्यांनी बांधले त्याला आजच्या कसोटीस उतरेल असा पुरावा नाही. भक्तांनी ही गोष्ट मान्य करावयास हरकत नसावी. मोजून पाहा असे शिकविणाऱ्या माणसालाही मोजूनच पाहिले पाहिजे.

आता आपल्या टेबल टेनिसच्या संघाकडे वळू. खेळानंतरची अंगदुखी हा स्वामीजींच्या संशोधनाचा विषय नव्हता. त्यांचे लक्ष श्वास, रक्तदाब आणि पोटातील इंद्रिये यांवर होते. तथापि त्यांची रीत घेऊन इतर देशांतील शास्त्रज्ञांनी काय मोजले ते पाहिले की माझी चूक कोठे झाली हे कळते. इटलीतील तुरीन येथे आंजेलो मोस्सो या शास्त्रज्ञाने थकवा मोजण्याचे यंत्र बनविले होते. मधल्या बोटाने दोरीला बांधलेले वजन पुनःपुन्हा उचलावयाचे आणि प्रत्येक उचल काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघेने उमटावयाची. बोट थकत जाई तसतशी रेघ बुटकी होत जाई. १८९१ साली त्याने थकव्यावर ग्रंथ लिहिला. पुढे १९०२ साली थिओडोर हफ या अमेरिकन संशोधकाने अशाच यंत्रावर काम करून दाखवून दिले की काम चालू असतानाचा थकवा वेगळा आणि काही तासांनी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी जाणवणारे दुखणे वेगळे. हे दुसरे दुखणे स्नायूंच्या आत होणाऱ्या बारीक फाटाफुटीमुळे येत असावे, असा तर्क त्याने केला. नंतरच्या संशोधनाने तो तर्क बव्हंशी खरा ठरविला आहे.

स्नायू आखडताना जोर लावतो हे आपण सारे जाणतो. परंतु लांबत असतानाही त्याला जोर लावावा लागतो, आणि ते काम त्याला सर्वांत जड जाते. जिना उतरताना मांडीचा पुढील स्नायू सबंध शरीराचा भार सावरीत सावरीत लांबत जातो. टेबल टेनिसमध्ये आडवे धावत येऊन एका पायावर थबकणे, चेंडूसाठी वाकून पुन्हा मूळ जागी येणे, जोराने मारलेला हात मागून आवरणे, ही सारी त्याच जातीची कामे आहेत. १९५२ साली मुंबईस भरलेल्या जागतिक सामन्यांत जपानच्या हिरोजी सातोने स्पंजाची बॅट आणून अजिंक्यपद मिळविले; त्यानंतर हा खेळ अधिकाधिक वेगवान झाला आणि पायांचे काम वाढत गेले. सवय नसलेल्या स्नायूकडून असे काम एकदम फार करून घेतले की त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. शरीर ती दुरुस्त करू लागते, तेथे थोडी सूज येते, आणि म्हणून दुखणे त्याच दिवशी न येता आठ-दहा तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि आठवड्याच्या आत ओसरते. ज्या कामाने स्नायू दुखावला तेच काम त्याला पुन्हा करावयास लावले की तो अधिक ओरडतो. म्हणून जिना चढताना नव्हे तर उतरताना. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. आम्लाची माझी गोष्ट तर निव्वळ चुकीची. लॅक्टिक आम्ल खेळ थांबल्यावर साधारण तासाभरात बहुतेक निघून जाते. सोमवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

आणि ताण देण्याचे काय? २०११ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासण्यात आले. खेळापूर्वी अथवा खेळानंतर ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात पडणारा फरक शंभर गुणांच्या मापावर सरासरी एका गुणाच्या आसपास भरला. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ताण देण्याचे अन्य लाभ असतील, पण या दुखण्यावर तो उपाय नव्हे. चोळण्याने मात्र काही प्रमाणात आराम पडतो, असे प्रयोगांत दिसते. माणिकरावांच्या आखाड्यातील तो रिवाज अगदीच निराधार नव्हता. हलके चालणे, सावकाश हातपाय हलविणे यानेही तेवढ्यापुरते बरे वाटते. कोमट पाण्याचे स्नान सुखावते. आपण पाहुण्यांना शाही किल्ल्यातील हमामखाना दाखवावयास नेतो. घोड्यावरून दिवसभर रपेट करून आलेल्या मोगल सरदारांना तेथील ऊन पाणी किती गोड वाटत असेल! पण त्याने स्नायूची दुरुस्ती लवकर होते असे मात्र म्हणता येत नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय तोच निघाला, जो तालमीतील उस्ताद पिढ्यान् पिढ्या सांगत आले: थोड्यापासून आरंभ करावा आणि रोज थोडी भर घालावी. याचे शास्त्रीय कारण असे की एकदा सौम्य श्रम सोसलेला स्नायू पुढील काही आठवडे त्याच श्रमाने फारसा दुखावत नाही. हे मी पुस्तकात वाचले तेव्हा मला माझे गाव आठवले. आमच्या घरी कोकणी बोलतात. मराठी मी शाळेत गेल्यावर शिकले. आमच्याकडे पावसाळ्यात भातलावणीच्या पहिल्या दिवसानंतर बायकांच्या कमरा व मांड्या अशा धरत की चुलीपाशी बसणे कठीण होई. आजी खोबरेल कोमट करून साऱ्यांचे पाय चोळी. आठ-दहा दिवसांनी त्याच बायका त्याहून मोठे वाफे लावून हसत घरी येत आणि तेलाची वाटी फळीवरच राही. आजी म्हणे तेलाचा गुण; वस्तुतः तो पहिल्या दिवसाचा गुण होता.

स्वामीजींच्या शिकवणीतील एक भाग मात्र येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो. त्यांनी आसनांचे वर्गीकरण करताना शरीर घडविणारी व ध्यानासाठी बसण्याची आसने यांच्याबरोबर विश्रांतीच्या आसनांना स्वतंत्र स्थान दिले. शवासन म्हणजे नुसते आडवे पडणे नव्हे. शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेऊन तेथील ताठरपणा जाणीवपूर्वक सोडून देणे. आसनात हिसका द्यावयाचा नाही, वेदना होईपर्यंत शरीर ओढावयाचे नाही, जोराचा व्यायाम आणि आसने यांच्यामध्ये काही वेळ जाऊ द्यावयाचा, हे त्यांचे नियम होते. दुखऱ्या मांडीला जोराने ताण देण्यास मी मुलांना सांगितले तेव्हा यांतील पहिले दोन नियम मी एका वाक्यात मोडले.

पालकांसाठी एवढे आणखी सांगते. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखत असतील आणि दुखणे दिवसागणिक कमी होत असेल तर भिण्याचे कारण नाही. परंतु खेळताना अचानक कळ आली, एकाच जागी सूज किंवा काळेनिळे वळ दिसले, सांधा दुखू लागला, आठवडा उलटूनही वेदना हटली नाही, अथवा लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, तर चोळत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. शेवटचे लक्षण दिसल्यास तर त्याच दिवशी. मुलांना वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत.

लोणावळ्याच्या संस्थेची कीर्ती वाढली तरी स्वामीजींतील शिक्षक मागे पडला नाही. योग ही गुहेतील विद्या न राहता शाळेच्या पटांगणात यावी, ही त्यांची तळमळ होती. चौथ्या दशकात त्यांनी यौगिक संघ व्यायाम या नावाने सामुदायिक पाठ तयार केले. शे-दोनशे मुले एका आज्ञेवर एकत्र करू शकतील अशी ही योजना होती आणि तिच्यामागे माणिकरावांची कवायत स्पष्ट दिसते. १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद स्वामीजींकडे आले. पाठोपाठ १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांची प्रशिक्षण संस्था उघडली. ज्या सरकारने एकेकाळी त्यांचे महाविद्यालय बंद पाडले होते त्याच इलाख्यात, लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आल्यावर, मुलांच्या शरीरशिक्षणाची आखणी त्यांच्यावर सोपविण्यात आली. मुंबईत चौपाटीजवळ योगोपचाराचे केंद्र, १९५१ साली लोणावळ्यास योगमहाविद्यालय, पुढे रुग्णालय, अशी कामे एकामागून एक उभी राहिली. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. योगमीमांसेचे प्रकाशन त्यानंतरही चालू राहिले.

त्या मुलीविषयी सांगावयाचे राहिले. मी तिच्या घरी गेले आणि चूक तिच्या शरीराची नसून माझ्या घाईची होती, हे तिच्या आईसमोर कबूल केले. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही सराव वीस मिनिटांवर आणला व दर दोन दिवसांनी पाच-पाच मिनिटांनी वाढवीत नेला. आरंभी पटांगणास दोन संथ फेऱ्या, शेवटी चटईवर दहा मिनिटे शवासन. प्रत्येकाने एक वही ठेवली. सकाळी उठल्यावर मांडी, पोटरी आणि खांदा किती दुखतो त्याला दहापैकी गुण द्यावयाचे आणि आदल्या दिवशी किती वेळ खेळलो ते समोर लिहावयाचे. शवासनाने दुखणे कमी झाले की नुसते मन शांत झाले, यावर मुलांत वाद पडला. तेव्हा निम्म्यांनी ते करावे व निम्म्यांनी त्या वेळात नुसते बसून राहावे असे त्यांनीच ठरविले. एवढ्याशा संघाच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितले आहे. तरी रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी वह्या माझ्या टेबलावर येतात, आणि सर्वांत वर बहुधा तिचीच असते.